ओव्हनचे अंश आणि आईचा हात

वाचकहो, विजेचा लहानसा ओव्हन आता आपल्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आहे. कुणी तो मुलांच्या हट्टापायी घेतला असेल, कुणाला आहेरात मिळाला असेल. बहुतेक घरांत तो वर्षातून दहा-बारा वेळा तापतो आणि उरलेले दिवस त्याच्या पोटात झाकण्या व ताटल्या रचलेल्या असतात. अशा वस्तूविषयी आपल्या मनात कधी शंका येत नाही. तिच्या बटणाभोवती १०० पासून २५० पर्यंत आकडे छापलेले असतात, आणि छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. मला तर ती अंमळ अधिकच आहे. कारण छापील मजकूर एका भाषेतून दुसरीत नेणे आणि मुद्रणापूर्वी तो तपासून पाहणे, हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय. ह्या सवयीपायी माझ्या घरात काय घडले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

वडील गेल्यापासून आई दिवाळी ते संक्रांत हा काळ आमच्याकडे दिल्लीस काढते. २०२३ साली ती सांगलीहून आली ती येतानाच घरचे तूप आणि वेलदोडे घेऊन. नानकटाई करावयाची होती. आमच्या लहानपणी सांगलीस गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुटीत घरोघरच्या बायका तूप, पिठीसाखर आणि मैदा घेऊन तिथे जात, पत्र्यावर गोळे मांडीत, आणि भट्टीतून निघालेली नानकटाई डब्यात भरून घरी आणीत. तो गरम डबा फडक्यात धरून आईच्या मागून चालत येणे हे माझे काम असे. आईची नानकटाई गल्लीत नावाजलेली होती. बेकरीवालाही एखादी चाखून पाहावयास मागत असे.

माझ्या ओव्हनमध्ये मात्र तिची पहिली खेप बिघडली. दहाव्या मिनिटालाच खालची बाजू काळपट झाली होती, आणि फोडून पाहावे तो आत ओला मैदा. दिल्लीचा मैदा निराळा असेल, असे म्हणून आम्ही हसण्यावारी नेले. चार दिवसांनी दुसरी खेप, तीही तशीच. ह्या वेळी कुणी हसले नाही. रात्री पुण्याला धाकट्या भावाचा दूरध्वनी आला, तेव्हा मी स्वयंपाकघराचे दार ओढून घेऊन त्याला हळू आवाजात सांगितले की, आईचे प्रमाण चुकू लागले आहे. परवा दूधही उतू गेले. एकच प्रश्न तिने दोनदा विचारला. तोही म्हणाला की, सांगलीला असताना आमटीत मीठ दोनदा पडले होते. विसराळूपणाच्या आजाराचे नाव आम्ही दोघांनीही उच्चारले नाही. पण डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवावी, असे ठरले. आईला हे सांगावयाचे नाही, असेही ठरले.

वाचकहो, ह्यापुढील वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो. तिसऱ्या खेपेच्या दिवशी मी आईच्या हातातून परात घेतली आणि म्हटले, “आई, तू बस. यंदा मी करते.” ती काही बोलली नाही. पदराला हात पुसून ती बाहेर खुर्चीवर जाऊन बसली.

मी सारे काट्यावर तोलून घेतले. घड्याळ समोर ठेवले. आईच्या कृतीत अंश वगैरे कधीच नव्हते. ते मी आमच्या मासिकाच्या पाककृतींच्या पानावरून घेतले होते. मूळ इंग्रजी कृतीत ३२५ अंश फॅरनहाइट होते. त्यातून ३२ वजा करून उरलेल्या संख्येला पाचाने गुणून नवाने भागले की १६३ च्या आसपास सेल्सिअस येते. मी मराठीत १६० लिहिले होते. तेव्हा बटण १६० वर लावले, ओव्हन पुरेसा तापू दिला आणि पत्रा आत सरकवला. दहाव्या मिनिटाला जळकट वास आला. माझी नानकटाईसुद्धा खालून काळी आणि आतून कच्ची निघाली; आईच्या खेपेत आणि माझ्या खेपेत तिळमात्र फरक नव्हता.

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने ओव्हनचे दार उघडले, आत न घालता तोंडाशीच तळहात क्षणभर धरला आणि मागे घेतला. “ही नानकटाईची धग नव्हे गं,” ती म्हणाली. “आपला बेकरीवाला एवढ्या धगीला पाव घालायचा. पाव निघाले, भट्टी उतरली, की मग म्हणायचा, आणा आता तुमचे पत्रे.”

“हे आधी का नाही सांगितलंस?” मी विचारले.

“तू म्हणालीस ना, एकशेसाठ आहे म्हणून.”

ओव्हनसोबत आलेली पुस्तिका शोधण्यासाठी मी फडताळाचा खण उघडला. पुस्तिका मिळाली नाही. पण मसाल्याच्या डब्याखाली दिनदर्शिकेचे एक फाटके पान घडी करून ठेवलेले सापडले. त्याच्या पाठीवर आईच्या अक्षरात लिहिले होते : तूप फेसले. साखर घातली. मैदा दोनदा चाळला. वेलदोडा घातला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती, आणि खाली दुसऱ्या खेपेची तारीख. म्हणजे दाराआडचे माझे बोलणे तिने ऐकले होते, किंवा त्यापूर्वीच तिला स्वतःचा संशय येऊ लागला होता. ती स्वतःला तपासून पाहात होती. मी ते पान होते तसेच घडी करून परत ठेवले आणि त्या रात्री प्रथमच ओव्हनला तपासावयास बसले.

आता ही तपासणी कशी केली ते जरा विस्ताराने सांगते. कारण अशी शंका आपल्याही घरी कधी येईल, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली परीक्षा साखरेची. आपली नेहमीची साखर सुमारे १८६ अंश सेल्सिअसला वितळते. ॲल्युमिनियमच्या कागदाची लहानशी वाटी करून तीत चमचाभर साखर घ्यावी, ओव्हन १७५ वर लावून चांगला तापू द्यावा आणि वाटी मधल्या जाळीवर पंधरा मिनिटे ठेवावी. ओव्हन खरे बोलत असेल, तर साखर जशीच्या तशी राहावयास हवी. मग १९० वर लावले असता ती वितळावयास हवी. माझ्याकडे १७५ वर साखरेचे मधाच्या रंगाचे पाणी झाले. १५० वर लावून नवी वाटी ठेवली, तीही कडेकडेने पाघळली. १३० वर मात्र साखर पांढरीशुभ्र राहिली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. यजमान येऊन पाहून गेले आणि साखरेचे भाव वाढले असल्याची आठवण देऊन झोपावयास गेले.

साखर हो किंवा नाही एवढेच सांगते. किती, ते सांगत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी एक तापमापी आणली, सळईचे टोक आणि लांब तार असलेली. पण नवी तापमापी खरे बोलते, ह्याला तरी प्रमाण काय? आमच्या धंद्यात एका कोशातील अर्थाची खातरजमा दुसऱ्या कोशात पाहून करतात. इथे उकळते पाणी हा दुसरा कोश. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. दिल्ली समुद्रसपाटीहून दोनशे मीटरांहून थोडी अधिक उंच, तेव्हा येथे ते शंभराच्या किंचित खाली उकळते. उकळत्या पाण्यात धरलेल्या माझ्या सळईने ९९ दाखवले. सळईवर विश्वास बसला.

मग ती मधल्या जाळीच्या मध्यभागी बसवली, तार दाराच्या फटीतून बाहेर घेतली आणि बटण १६० वर लावून वही घेऊन बसले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ओव्हनमधील उष्णता एका आकड्यावर स्थिर कधीच राहात नाही. दांड्या तापतात, ठरावीक उष्णता झाली की प्रवाह तुटतो, ओव्हन निवू लागतो, पुन्हा प्रवाह सुरू होतो. अशी भरती-ओहोटी चालूच असते. दहा-पंधरा अंशांचा चढउतार हा दोष नव्हे. म्हणून एकदाच पाहून निकाल देऊ नये. दिवा विझताना किती आणि पुन्हा लागताना किती, हे तीन-चार फेऱ्यांत टिपून त्याची सरासरी काढावी. मधून मधून दार उघडून डोकावू नये. दार उघडले की सारे गणित कोसळते. माझ्या वहीत खालचा आकडा १८८ आणि वरचा २१४ असा आला. सरासरी २०१. बटण १६० म्हणत होते. चाळीस अंशांची तफावत!

हे चाळीस अंश आले कोठून? मी प्रथम विजेच्या दाबाला दोष देऊन पाहिला. आमच्या वसाहतीत संध्याकाळी तो नेहमीच खाली येतो. परंतु दाब कमी असेल तर ओव्हन थंड पडेल, गरम नव्हे. दाब २३० ऐवजी १९० व्होल्ट झाला, तर दांड्यांची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि शेकडा ६८ च्या जवळपास उरते. नानकटाई फिकी राहील, जळणार नाही. एखादी दांडी निकामी झाली असेल, तरीही तेच. खालचा पत्रा काळा असला तर तो उष्णता अधिक शोषतो हे खरे. पण माझी तापमापी हवेची उष्णता मोजत होती, पत्र्याची नव्हे. ओव्हन मुळी थांबतच नसता, आकडा चढतच राहिला असता, तर आतील संपर्कबिंदू चिकटून बसले आहेत असे समजून तत्क्षणी तो बंद करावयास हवा होता. ते धोक्याचे लक्षण. आमचा ओव्हन तर नियमाने थांबत होता, नियमाने सुरू होत होता. त्याचे वर्तन शिस्तीचे होते. त्याला जी उष्णता जाणवत होती, तीच खोटी होती.

ही जाणीव ज्या भागाला असते त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. पारिभाषिक कोशांतून त्याला भारदस्त नावे आहेत, मीही ती छापली आहेत, परंतु दुरुस्ती करणाऱ्याला ‘थर्मोस्टॅट’ म्हटले तरच कळते. हा शब्द अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली आपल्या पेटंटात वापरला. कल्पना त्याहून जुनी. दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या की तापल्यावर एक अधिक लांबते, दुसरी कमी, आणि जोडपट्टी वाकते. जॉन हॅरिसन ह्या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात आपल्या सागरी घड्याळासाठी ही युक्ती काढली. लहान ओव्हनमध्ये बहुधा अशीच पट्टी असते. माझ्या ओव्हनसारख्या थोड्या मोठ्या ओव्हनमध्ये द्रव भरलेली एक बारीक नळी असते. तिचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे टोक ओव्हनच्या पोटात असते. तापल्यावर द्रव फुगतो, बटणामागील पडदी ढकलतो आणि प्रवाह तोडतो.

घरगुती ओव्हनला हे शहाणपण तसे अलीकडचे. ब्रिटनमध्ये गॅसच्या चुलीला ‘रेग्युलो’ नावाचे नियंत्रक १९२३ साली मिळाले. त्यापूर्वीच्या इंग्रजी पाकपुस्तकांत अंश क्वचितच दिसतात. ओव्हन ‘मंद’, ‘मध्यम’ किंवा ‘प्रखर’ ठेवा, एवढेच. असे मजकूर भाषांतरास आले की मी आतापर्यंत त्या लेखकांना आळशी समजत असे.

रविवारी वसाहतीत नेहमी येणारा विजेचा कारागीर आला. मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती आदराने बाजूला सारली आणि ओव्हनच्या पोटात विजेरीचा प्रकाश टाकला. अर्ध्या मिनिटात त्याने मान वळवून विचारले, “मॅडम, ये नली किसने निकाली?”

उजव्या भिंतीवर दोन चिमटे होते आणि ते रिकामे होते. नळीचे टोक चिमट्यांतून सुटून, भिंतीच्या छिद्रातून मागे, दोन पत्र्यांमधल्या पोकळीत ढकलले गेले होते. तेथे ओव्हनची खरी उष्णता पोहोचतच नव्हती. बिचारे टोक थंड पोकळीत बसून १६० होण्याची वाट पाहात होते, आणि ते होईपर्यंत इकडे ओव्हनमध्ये २०० होऊन जात होते.

कुणी काढली ती नळी? आई येण्याच्या आदल्या दिवशी मी ओव्हन घासला होता. तारेच्या घासणीने, चांगला जोर लावून, आईला घर स्वच्छ दिसावे म्हणून. एक काळी काडीसारखी वस्तू मध्ये येत होती. ती मी चिमट्यांतून उपसली आणि आड येऊ नये म्हणून मागच्या भोकात सारून दिली. हे मला त्या क्षणी लख्ख आठवले. विसराळूपणाची चर्चा ज्या घरात चालू होती, त्या घरात विसरले होते कोण, ते आपल्या लक्षात आलेच असेल.

त्याने प्लग काढला असल्याची दोनदा खात्री केली, नळीचे टोक बोटांनी हळू पुढे घेतले आणि दोन्ही चिमट्यांत बसवले. नळीला मुरड पडली किंवा भोक पडले असते, तर आतील द्रव निघून जाऊन सबंध थर्मोस्टॅट बदलावा लागला असता; तो भगीरथ पॅलेसच्या बाजारात मिळेल, असे त्याने सांगितले. नळी शाबूत होती. तारा आणि बटणामागील भाग ह्यांत आपण स्वतः हात घालू नये, ते कारागिरावर सोपवावे. परंतु प्लग काढून, थंड ओव्हनमध्ये विजेरीने एवढे पाहण्यास हरकत नाही की नळी चिमट्यांत आहे, ती भिंतीला किंवा दांडीला टेकलेली नाही, आणि दार चारी बाजूंनी नीट बसते. दांडीला टेकली असती तर उलटा प्रकार झाला असता : तिला वेळेआधीच ऊन लागून ओव्हन थंड राहिला असता. बटण दांड्यावर सैल होऊन फिरले असले तरीही आकडा चुकतो. तेही पाहून घ्यावे.

कारागीर गेल्यावर मी पुन्हा सळई लावली. १६० वर खालचा आकडा १५२, वरचा १७६, सरासरी १६४. इतके चालते.

आई हे सारे खुर्चीवर बसून पाहात होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितले, “आई, ओव्हन बिघडला होता. मीच बिघडवला होता.” तिने वहीतील आकडे चष्मा लावून पाहिले. “म्हणजे माझं प्रमाण बरोबर होतं,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. थोड्या वेळाने तिने विचारले, “डॉक्टरांकडे कधी जायचंय?”

मी गप्प राहिले.

“वेळ घेतली आहेस ना? मग जाऊन येऊ. दूध माझ्याच हातून उतू गेलं होतं. ते काही ओव्हननं केलं नाही.”

आम्ही गेलो. डॉक्टरांनी तिला चित्रे ओळखावयास लावली, घड्याळ काढावयास सांगितले, शंभरातून सात वजा करीत जावयास सांगितले. ह्या शेवटच्या परीक्षेत मी बाजूला बसून मनातल्या मनात चुकले. रक्ततपासणी झाली, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, आणि वर्षाने पुन्हा दाखवा असे सांगून त्यांनी आम्हांला निरोप दिला. मीठ अजूनही एखादे वेळी दोनदा पडते. त्याचे कारण काही चिमट्यातून सुटलेली नळी नव्हे, हे आम्हां दोघींनाही ठाऊक आहे.

चौथी खेप दिवाळी उलटून गेल्यावर झाली. परात आईकडे होती. मी पत्र्याला तूप लावण्याचे काम मागून घेतले. ओव्हन तापल्याचा दिवा विझला, तरी तिने दार उघडून तोंडाशी तळहात धरलाच. मग मान हलवून म्हणाली, “घाल आता.” अठरा मिनिटांनी नानकटाई फिकट बदामी रंगाची निघाली, माथ्यावर नीट चिरा गेलेली. एक कारागिरासाठी डब्यात बाजूला ठेवली, आणि नंतर त्या एकीच्या सहा झाल्या.

त्या महिन्याच्या अंकासाठी केकची एक कृती माझ्या मेजावर आली होती. मी ३५० फॅरनहाइटचे १८० सेल्सिअस केले. मग संध्याकाळी घरी येऊन आईला विचारले, केक झाला हे आकड्यावाचून कसे ओळखावे. तिने जे सांगितले, ते दुसऱ्या दिवशी कंसात जोडले : कडा भांड्यापासून सुटाव्यात, मध्यभाग बोटाने दाबला असता पुन्हा वर यावा. मुद्रित तपासणाऱ्या सहकाऱ्याने समासात विचारले की, हे मूळ मजकुरात नाही, ठेवावयाचे काय? मी त्याखाली ‘ठेवावे’ असे लिहून सही केली.